माळ्यावरची रेघ

कॅडवर, म्हणजे संगणकावर आराखडे काढण्याचं काम करणाऱ्याला 'लॉफ्ट' ही कमांड सवयीची असते. दोन-तीन छेद निवडले की त्यांना सांधणारा गुळगुळीत पृष्ठभाग तयार. पण लॉफ्ट म्हणजे माळा. पृष्ठभागाचं आणि माळ्याचं नातं जुळलं ते जहाजांच्या गोदीत.

गोदीतल्या कारखान्याच्या वर लांबरुंद, मोकळा माळा असे. कागदावरचा छोटा आराखडा तिथल्या जमिनीवर पूर्ण मापात उतरवत. वळणदार रेघेसाठी लाकडाची लवचिक पट्टी ठेवायची आणि शिशाची वजनं टेकवून ती जागेवर धरायची. दोन वजनांमध्ये पट्टी आपल्या ताठपणाने जसं वळण घेई, तशी रेघ ओढायची. या पट्टीचं नाव स्प्लाइन. पडद्यावरच्या वक्ररेषेने तेच नाव पुढे चालवलं. रेघा पक्क्या झाल्या की त्यांवरून साचे कापत आणि साच्यांवरून फासळ्या घडवत. फासळीचं माप शेजारच्या फासळीवरून येत नसे, माळ्यावरून येई.

रेघ हाती नसेल तर काम अडतं, हे मुंबईनेही अनुभवलं. 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका मुंबई गोदीत बांधायची होती. तिचे आराखडे घेऊन निघालेलं 'जावा' हे जहाज 1812 मध्ये लढाईत गेलं. आराखडे पुन्हा मागवावे लागले. जहाजं बांधणाऱ्या वाडियांच्या हाताखाली सागवानात घडलेली ती नौका 1817 मध्ये पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे.

पुढे रेघ माळ्यावरून संगणकात आली. 1963 मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी पडद्यावर रेघा काढायचा 'स्केचपॅड' हा प्रोग्रॅम मांडला. रेघा समांतर ठेवण्याची अट घातली की संगणक ती पाळे. मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती बदलत. सॅम्युएल गाइसबर्ग यांच्या कंपनीने 1988 मध्ये 'प्रो/इंजिनिअर' हे कॅड सॉफ्टवेअर बाजारात आणलं आणि एक माप बदलताच पार्ट, असेंब्ली, ड्रॉइंग सगळं बदलू लागलं.

या सोयीतच एक खोड दडलेली होती. पंपाच्या झाकणाची भोकं बॉडीवरून घेतली, गॅस्केट झाकणावरून, ब्रॅकेट गॅस्केटवरून. मग बॉडीतली एक कड काढली की खालची सगळी साखळी तुटून पडद्यावर लाल. यावरचा उपाय म्हणजे स्केलेटन: फक्त प्रतलं, अक्ष आणि रेघा असलेली फाइल. बोल्टचं वर्तुळ तिथे 120 मिमीचं 130 केलं की बॉडी, झाकण, गॅस्केट तिन्ही आपापलं माप वरून घेतात. एकमेकांवर कुणाचीच भिस्त राहत नाही.

स्केलेटनला वजन नसतं, पार्ट लिस्टमध्ये त्याची ओळ नसते. माळ्यावरची रेघही जहाजाबरोबर समुद्रावर जात नसे. म्हणून नव्या मुलांना माझं एवढंच सांगणं असतं: पहिल्या दिवशी पार्ट काढायला बसू नका. आधी माळा झाडून घ्या.