गृध्रसी तंत्रिकेचे रचनाभेद
गृध्रसी तंत्रिका ही मानवी शरीरातील सर्वांत जाड तंत्रिका (मज्जातंतू) होय. ती शेवटच्या दोन कटी व पहिल्या तीन त्रिक तंत्रिकांच्या तंतूंपासून बनते. सामान्यतः ती नितंबातील पिरिफॉर्मिस या नाशपातीच्या आकाराच्या स्नायूखालून अखंड बाहेर पडते आणि गुडघ्याच्या वर तिचे अंतर्जंघा व बहिर्जंघा असे दोन विभाग होतात. काही व्यक्तींत मात्र हे विभाग श्रोणीतच अलग होतात व त्यांपैकी एक, बहुधा बहिर्जंघा, स्नायू भेदून बाहेर येतो.

गृध्रसी या वेदनाविकाराचा उल्लेख चरकसंहितेत वातविकारांमध्ये आढळतो. नेपल्सचे वैद्य दोमेनीको कोतून्यो यांनी १७६४ मध्ये तंत्रिकाजन्य वेदना व खुब्याच्या सांध्याची वेदना यांत भेद केला. १९२८ मध्ये योमन यांनी या वेदनेशी पिरिफॉर्मिसचा संबंध जोडला. १९३४ मध्ये बॉस्टन येथील मिक्स्टर व बार यांनी मणक्यांमधील चकती सरकल्याने तंत्रिकामूल दाबले जाते, हे दाखविले. अमेरिकन शारीरविज्ञ बीटन व ॲन्सन यांनी १९३७ मध्ये तंत्रिका व स्नायू यांच्या परस्परस्थितीचे सहा प्रकार मांडले. ते आजही आधारभूत आहेत. पुढच्याच वर्षी त्यांनी हा परस्परसंबंध माकडहाडाच्या वेदनेचे संभाव्य कारण म्हणून सुचविला. १९४७ मध्ये रॉबिन्सन यांनी ‘पिरिफॉर्मिस लक्षणसमूह’ ही संज्ञा रूढ केली.

रचनाभेद हेच वेदनेचे कारण, हा तर्क सयुक्तिक वाटला, तरी गणनेने त्यास पुष्टी मिळाली नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनात शवविच्छेदनाच्या अनेक अभ्यासांतील सहा हजारांहून अधिक नोंदी एकत्र केल्या असता रचनाभेदाचे प्रमाण १६.९ टक्के आढळले. या लक्षणसमूहासाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत ते १६.२ टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढेच होते. त्यामुळे केवळ रचनाभेद आढळला म्हणून त्यास वेदनेचे कारण ठरवून शस्त्रक्रिया करणे योग्य नव्हे.

रचनाभेदांचे खरे महत्त्व शस्त्रक्रिया व बधिरीकरण यांत आहे. खुब्याच्या सांध्याकडे मागील बाजूने जाताना पिरिफॉर्मिस कापावा लागल्यास, त्यातून जाणारा विभाग दुखावण्याचा धोका असतो. बहिर्जंघा विभागास इजा झाल्यास पाऊल वर उचलता येत नाही. तंत्रिका उंचावरच विभागलेली असल्यास एकाच ठिकाणी टोचलेले बधिरक दुसऱ्या विभागापर्यंत पोहोचत नाही व बधिरता अपुरी राहते. श्राव्यातीत प्रतिमादर्शनामुळे दोन्ही विभाग सुई टोचण्यापूर्वीच पाहता येतात.