खांद्यावरचा मुकुट

फौजी हुद्द्यांचे बिल्ले जमवायचा मला नाद. एका रविवारी जुन्या बाजारात पितळी मुकुट मिळाला. "साहेब, दुसऱ्या महायुद्धातला. आपल्याच फौजेतल्या मेजरच्या खांद्यावरचा!" विक्रेता म्हणाला. बँकेत खोटी नोट नुसत्या बोटांनी ओळखणारा मी, इथे मुकाट्याने दोनशे रुपये मोजून मोकळा झालो.

कर्वेनगरात आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांचे वडील सुभेदार-मेजर. त्यांच्याही खांद्यावर मुकुटच असे. आजोबांनी डबी उघडली नि दोन्ही मुकुट शेजारी ठेवले. त्यांच्याचा माथा गोल, माझा मधोमध दबलेला.

"पोचा आलाय का हो?"

"पोचा नाही, राणी आली!"

गोल माथ्याचा मुकुट १९०१ नंतरच्या राजांचा. दबका आला तो १९५२ साली गादीवर बसलेल्या एलिझाबेथ राणीबरोबर. आपल्या फौजेने तर २६ जानेवारी १९५० लाच मुकुट उतरवून अशोकस्तंभाचे सिंह चढवले. चार टोकांचा तारा जाऊन पाच टोकांचा आला. म्हणजे माझा मुकुट आपल्या खांद्यावर कधी बसलाच नव्हता!

मी हळूच त्यांच्या मुकुटाची किंमत विचारली.

"बाबांनी हा उतरवला तेव्हा हुद्दा तोच राहिला. फक्त मालक बदलला. आपणच झालो," म्हणत त्यांनी डबी मिटली.

घरी हिने विचारलं, "फसलात ना?"

"छे! मुकुट खराच आहे. जरा उशिरा आलाय, एवढंच."

"म्हणजे तुमच्यासारखाच," ही म्हणाली.