छाती न उघडता बदललेली झडप

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण छाती उघडून हृदयाची झडप बदलण्याचा काळ पाहिला. १९६० साली पिंजऱ्यातल्या गोळीची स्टार-एडवर्ड्स झडप आली आणि असंख्य लोक जगले. पण एक प्रश्न तसाच राहिला. ज्याला ही शस्त्रक्रिया सोसणारच नाही, त्याचं काय? महाधमनीची झडप बहुतेक वेळा उतारवयात, कॅल्शियम साचून दगडासारखी होते. म्हणजे ज्यांना गरज जास्त, तेच शस्त्रक्रियेला सर्वांत कच्चे.

फ्रान्समधल्या रूआँ शहरात आलाँ क्रिबिए यांनी १९८५ मध्ये फुगा आत नेऊन अशी झडप ताणली. रुग्णाला बरं वाटलं, पण काही महिन्यांत झडप पुन्हा आवळू लागली. मग तिथेच नवी झडप का बसवू नये? डेन्मार्कचे हेनिंग अँडरसन यांना ही कल्पना १९८९ मध्ये अमेरिकेत स्टेंटवरचं एक व्याख्यान ऐकताना सुचली. (व्याख्यानं ऐकावीत ती अशी!) परत आल्यावर त्यांनी साधी तार वळवून सांगाडा केला, खाटकाकडून आणलेल्या डुकराच्या हृदयातली झडप त्यात शिवली आणि त्याच वर्षी १ मे रोजी ती जिवंत डुकरात बसवली. त्यांचा शोधनिबंध छापून यायला १९९२ उजाडलं.

क्रिबिए यांनाही तज्ज्ञांनी वेड्यातच काढलं. इतक्या कॅल्शियममध्ये स्टेंट टिकेल कसा, असा आक्षेप होता. त्यांनी मृतदेहांच्या झडपांत स्टेंट बसवून पाहिले, तर ते ओढूनही सहज निघेनात.

१६ एप्रिल २००२. रुग्ण ५७ वर्षांचा, रक्तदाब कोसळलेला, शल्यविशारदांनी नकार दिलेला. पायाच्या धमन्या इतक्या खराब की तिथून वाटच नव्हती. म्हणून शिरेतून, हृदयाचा आतला पडदा भेदून झडप न्यावी लागली. झडप बसली, माणूस सुधारला. पण सुमारे चार महिन्यांनी तो गेला. झडपेनं दगा दिला नव्हता. पायाचा रक्तपुरवठा तुटला, पाय कापावा लागला आणि त्यातून गुंतागुंत झाली. आम्हाला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण विजयाच्या गोष्टीत तो हमखास गाळला जातो.

२०१० च्या मोठ्या चाचणीत, शस्त्रक्रिया अशक्य असलेल्यांपैकी नेहमीच्या उपचारांवरचे जवळपास ५१ टक्के वर्षभरात दगावले. नवी झडप मिळालेल्यांत ३१ टक्के. पुढच्या वर्षी अमेरिकेत परवानगी मिळाली. आणि मग खरा वाद सुरू झाला: हे काम मोठ्या विद्यापीठ-रुग्णालयांतच करायचं, की गावाजवळच्या इस्पितळातही? २०१२ मध्ये वृद्धांच्या सरकारी विम्यानं, मेडिकेअरनं, अट घातली की पुरेशा शस्त्रक्रिया होत असतील त्याच ठिकाणी पैसे मिळतील, आणि दोन शल्यविशारदांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासलं पाहिजे. लहान इस्पितळं म्हणाली, आमच्या म्हाताऱ्यांनी शेकडो मैल जायचं का? मोठी म्हणाली, हात सरावलेला नको का? दोघांचंही खरं होतं. २०१९ मध्ये अटी सैल झाल्या, एक शल्यविशारद आणि एक हृदयरोगतज्ज्ञ पुरेसे ठरले. त्याच वर्षी आकडेवारीही आली: जिथे अशा झडपा कमी बसतात, तिथे महिनाभरातले मृत्यू जास्त.

आज मात्र झडप बसवण्याआधी पायाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन होतोच, इस्पितळ लहान असो वा मोठं.