सत्याला आधार कशाचा?

तापमापकातील पारा चढलेला पाहून आई म्हणते, 'मुलाला ताप आहे.' वास्तविक, ताप आहे म्हणून पारा चढलेला असतो. आपल्याला कळण्याची वाट एका दिशेची, आधाराची दुसऱ्या. हा भेद काटेकोरपणे मांडणाऱ्यांमध्ये प्राग शहरातील एक कॅथलिक धर्मगुरू अग्रभागी होते, हे आमच्या थोड्याच वाचकांना ठाऊक असेल.

बर्नार्ड बोल्झानो (१७८१-१८४८) यांना १८०५ साली गुरुदीक्षा मिळाली व ते प्राग विद्यापीठात धर्मशिक्षण शिकवू लागले. गणित हा त्यांचा दुसरा ध्यास. अक्षाच्या खालून निघून वर पोहोचणारी अखंड रेषा त्या अक्षाला कोठेतरी छेदतेच. 'हे तर डोळ्यांना दिसतेच की!' असे कोणीही म्हणेल. बोल्झानोंचे समाधान होईना. दिसल्याने खात्री पटते. पण संख्यांविषयीच्या सत्याचा आधार चित्रात कसा असेल? तो संख्यांविषयीच्याच सत्यांत शोधला पाहिजे. १८१७ साली त्यांनी तशी सिद्धता प्रसिद्ध केली.

युद्ध आणि विषमता यांविरुद्धची त्यांची प्रवचने दरबाराला रुचली नाहीत. १८१९ च्या अखेरीस सम्राटाने त्यांना पदच्युत केले. त्यांचा चार खंडांचा तर्कशास्त्रावरील ग्रंथ १८३७ मध्ये निघाला, तोही ऑस्ट्रियाबाहेर, बव्हेरियात. त्यात प्रश्न आहे : आधाराचे नाते कोणाकोणात असते? आग रान जाळते, तेथे वस्तू वस्तूचे कारण होते. आधार मात्र एक सत्य दुसऱ्या सत्याला देते, मग ते सत्य कोणी उच्चारलेले असो वा नसो. आधारामागे आधार शोधत गेल्यास काही सत्ये निराधारच सापडतात, हेही त्यांनी मान्य केले. (निराधार म्हणजे खोटी नव्हेत!)

हा वाद आपल्या काळात पुन्हा जागा झाला आहे. गिडियन रोझेन यांनी २०१० मध्ये हे नाते तथ्यांमधील मानले. त्याआधी, २००९ मध्ये, जोनाथन शाफर यांनी कोणत्याही प्रकारच्या गोष्टींना ते खुले केले. त्यांच्या मते पाहता गालावरील खळी सरळ गालाच्याच आधाराने आहे, मध्ये सत्याची मध्यस्थी कशाला? आम्हांला हे प्रथम पटले. परंतु 'खळी का आहे?' असे विचारल्यावर 'गाल' एवढे उत्तर पुरत नाही. 'गाल येथे आत वळला आहे' असे म्हणावेच लागते, आणि ते म्हणताना आपण नकळत बोल्झानोंच्या दारी येऊन उभे राहतो.