पोहण्याचे शिक्षण, वयोगटानुसार
पाण्यात तरंगणे, श्वास राखणे व स्वतःचा बचाव करणे ही कौशल्ये वयानुरूप शिकवण्याची व तपासण्याची पद्धत. पैनगंगा व वर्धा या नद्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात आणि एकूणच ग्रामीण महाराष्ट्रात पोहणे बहुधा विहिरीत शिकत : कमरेला दोर, पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा. आधार सुटला की परीक्षा झाली. शेजारच्या अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (१९१४) व्यायामशिक्षणाला संस्थात्मक रूप दिले. जागतिक आरोग्य संघटना ६ वर्षांवरील मुलांसाठी मूलभूत पोहणे व सुरक्षित बचावाचे प्रशिक्षण सुचवते. त्याहून लहानांची सुरुवात पालकांसह पाण्याच्या ओळखीने होते. प्रौढांची मात्र आधी भीती घालवावी लागते. मूल्यमापनात प्रारंभी वेग गौण. उताणे तरंगणे, पाण्यात श्वास सोडणे व काठ गाठणे पाहतात. (→ जीवरक्षण, पोहणे, व्यायाम.)