जीवन शिक्षण मंदिरातले हिवाळे

आमच्या गावच्या शाळेच्या दारावर चुन्यात उठवलेली अक्षरं होती, 'जीवन शिक्षण मंदिर'. आता तिथं जिल्हा परिषदेची रंगवलेली पाटी आहे. नवा शिक्षक गावात आला आणि जुन्या माणसांच्या तोंडून ते नाव ऐकलं की विचारतो, "इथं आधी देऊळ होतं का?" मी सांगतो, देऊळ नव्हतं बाबा, शाळाच होती. सरकारीच. पण जरा निराळी.

हे निराळेपण कुठून आलं ते मला फार उशिरा कळलं. शाळेत असताना आम्हांला वाटायचं, सगळ्या मुलखात पोरं अशीच टकळी फिरवत पाढे म्हणतात. पुढं वाचायचा नाद लागला तेव्हा समजलं की हे सगळं वर्ध्याहून आलेलं. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी वर्ध्याला शिक्षणाची परिषद घेतली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सात वर्षांचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या हातच्या धंद्याभोवती गुंफलेलं, अशी ती योजना. कुणी तिला नई तालीम म्हणालं, कुणी मूलोद्योग शिक्षण. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारनं लगेच अशा शाळा सुरू केल्या. पोरांनी बनवलेल्या मालावर मास्तरचा पगार निघावा, असं गांधीजींचं म्हणणं होतं. ते पुष्कळांना तेव्हाही पटलं नव्हतं. आमच्या शाळेचं सूत ज्यानं बघितलं असेल त्याला तर मुळीच पटणार नाही. त्या सुतावर मास्तरचा पगार सोडा, खडूचा खर्चही निघाला नसता.

आमचा आटपाडीचा भाग पूर्वी औंध संस्थानातला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे भोक्ते. आबा, म्हणजे आमचे वडील, सांगायचे की त्यांच्या वेळी नमस्कार घातल्याशिवाय पाटीला हात लावू देत नव्हते. त्या राजानं जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं आपला कारभार रयतेच्या हाती दिला. अशा मुलखात नई तालीम यायला जड गेलं नसावं. १९४८ ला संस्थान विलीन झालं, १९६२ ला जिल्हा परिषद आली. राजा गेला, इलाखा गेला, टकळी मात्र राहिली.

मी पहिलीत गेलो १९६५ साली. शाळेचा खरा बहर हिवाळ्यात. पावसाळ्यात निम्मी पोरं रानात असायची, उन्हाळ्यात शाळा सकाळची आणि सगळे पेंगुळलेले. दिवाळीनंतर मात्र शाळा भरायची ती भरायची. भिंतीच्या उगवतीच्या अंगाला ऊन पडायचं, तिथं आम्ही रांगेनं बसायचो. एका हातात पेळू, दुसऱ्यानं टकळीला चुटकी. थंडीनं बोटं आखडलेली, तार सारखी तुटायची. ६४० तारांची एक गुंडी. मग गुरुजींचं सुरू व्हायचं, "एका मुलानं रोज ऐंशी तार काढले तर गुंडी किती दिवसांत?" याला समवाय पद्धत म्हणतात हे नाव मला आता ठाऊक आहे. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की उत्तर आठ दिवस आणि माझी गुंडी महिना झाला तरी पुरी होत नाही.

धनगरवाड्यावरची पोरं यात पुढं. त्यांच्या घरात म्हातारी माणसं चालता चालता लोकर कातायची, त्यामुळं टकळी त्यांच्या हातात जन्मापासूनची. वाचनात अडणारं पोरगं सुताच्या तासाला गुरुजींच्या शेजारी बसायचं. हे मी दुसऱ्या कुठल्या शाळेत पुढं बघितलं नाही. पण त्यांच्याच वाड्यावरच्या एका आजीनं भर पालकसभेत विचारलं होतं, "सूत काडाय शाळा कशाला? ते आमी घरीच शिकिवतो. तुमी त्येला कागुद वाचाय शिकवा." यावर मोठे गुरुजी काही बोलले नाहीत. बेसिकचं ट्रेनिंग घेतलेला, अंगभर खादी घालणारा माणूस, पण त्या दिवशी गप्प बसला. माझ्या मते योजनेचं सगळं दुखणं आजीच्या त्या वाक्यात होतं. शहरातल्या शिकलेल्या पोराला हातानं काम करायला लावणं ही मोठी गोष्ट. आमचे हात रिकामे होते कधी?

दुसरी गंमत म्हणजे भाजीचे वाफे. आडाचं पाणी बादलीनं आणून मेथी, कोथिंबीर, मुळा करायचो. विक्रीचा हिशोब वहीत. मेथीची जुडी कुणी उधार नेली तर तेही वहीत. गावातल्या एका पुढाऱ्याकडं तीन जुड्यांचे पैसे शेवटपर्यंत बाकी राहिले, आणि दर महिन्याला ती बाकी आम्ही मोठ्यानं वाचायचो.

आणि वार्ताफलक. ओसरीच्या भिंतीत एक काळी फळी बसवलेली. ग्रामपंचायतीचा रेडिओ ऐकून गुरुजी सकाळी तीन बातम्या सांगायचे, सुवाच्य अक्षराचं पोरगं त्या लिहायचं. दोन देशाच्या, एक गावची. गावची म्हणजे, कुणाच्या गाईला खोंड झाला, ओढ्याकाठच्या शाळूला हुरडा आला, असली. येणारीजाणारी माणसं थांबून वाचायची. ज्यांना येत नव्हतं ती पोरांकडून वाचून घ्यायची.

माझी पहिली आठवण जानेवारी १९६६ ची. लालबहादूर शास्त्री ताश्कंदला वारले. फळ्यावर एकच ओळ होती आणि मोठे गुरुजी तिच्याकडं पाठ करून उभे होते.

नंतर १९६७ चा डिसेंबर. ११ तारीख, सोमवार, पहाटे चारनंतरचा सुमार. उतरंड खडखडली, गोठ्यात म्हैस दावं तोडून उठली. आई ओरडली, "बाहीर व्हा रं!" कोयनेचा भूकंप. तिकडं पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, घरं भुईसपाट झाली. आमच्याकडं भिंतींना भेगा गेल्या तेवढ्याच. शाळा आठवडाभर लिंबाखाली भरली. कोयनेची वीज बंद पडून मुंबईत अंधार झाला, अशी बातमी फळ्यावर आली, तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "मग आमच्यासारकीच झाली की मम्मई." गावात तोवर विजेचा खांबही आलेला नव्हता.

१९७१ च्या हिवाळ्यात मी सातवीत होतो आणि फळा माझ्याकडं आला होता. ३ डिसेंबरला लढाई लागली. रोज चार-चार वेळा मजकूर बदलायचा. एके दिवशी रेडिओवर ऐकलेला आपल्या मेलेल्या जवानांचा आकडा मी लिहून काढला. गुरुजींनी धोतराच्या सोग्यानंच तो पुसला. म्हणाले, "गावातली तीन घरची पोरं तिकडं हायत. त्यांच्या आया पाण्याला ह्याच वाटेनं जातात." १६ तारखेला डाक्का पडलं. शरण आलेल्यांचा आकडा पुढं त्र्याण्णव हजार असा कळला. तो लिहायला मात्र गुरुजींनी खडूचे रंग दिले. तिघंही पोरं सुखरूप परत आली.

सातवी झाल्यावर मी हायस्कूलला गेलो, दोन कोसांवर. फळा माझ्या धाकटीकडं गेला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, सहावीत. खरं सांगायचं तर तो आधीपासून तिच्याकडंच असायला पाहिजे होता. तिचं अक्षर छापल्यासारखं. सूतही तिचंच एकटीचं असं निघायचं की ते खादी भांडारात चाललं आणि बदल्यात एक पंचा मिळाला. तो आबांनी पुढं कित्येक वर्षं वापरला.

ते साल १९७२. आधीची दोन वर्षं पाऊस कमीच होता, त्या वर्षी तर आलाच नाही. बाजरी करपली, शाळूचं बी पेरलंच नाही. शाळेचा आड तळाला गेला, वाफ्यांची माती उडायला लागली. सरकारनं दुष्काळी कामं काढली. आमच्याकडं पाझर तलाव आणि रस्त्याची खडी. खायला अमेरिकेची लाल मिलो. तिची भाकरी थापताना आई म्हणायची, ही भाकरी न्हवं, शिक्षा हाय. पौषात खरसुंडीच्या यात्रेला आबांनी बैल नेले. खिलारी जोड होती. एकटेच परत आले. किती रुपयांना दिले ते मरेपर्यंत सांगितलं नाही.

त्याच्या आधीचीच ती रात्र. डिसेंबर संपत आलेला. चुलीपुढं बसून आबा म्हणाले, "आमच्या दोगांच्यात भागत न्हाई. तिसरं मानूस पायजे खडीवर." थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू आठवीत हायस. मधीच मोडाय नको." आई चुलीत फुंकत राहिली. धाकटी माझ्याकडं बघत होती. मी तेरा वर्षांचा होतो, खडी फोडायला तिच्यापेक्षा धट होतो. 'मी जातो' एवढे दोनच शब्द होते. मी बोललो नाही.

मोठे गुरुजी घरी आले. "अधनंमधनं तरी पाठवा, हजेरीचं मी बघतो," म्हणाले. आबांनी त्यांना चहा दिला, गुळाचा, बिनदुधाचा. दोघंही खाली बघत होते. गुरुजींना सगळ्याच घरी जायचं होतं. सहावी-सातवीच्या मुली एकेक करून गेल्याच होत्या. ज्या शाळेनं आम्हांला श्रमाची थोरवी शिकवली तिच्या पोरी श्रमावरच गेल्या, आणि त्यांना माघारी बोलवायला गुरुजींजवळ काही नव्हतं.

तिनं लिहिलेली शेवटची बातमी मला पाठ आहे. चक्रवर्ती राजगोपालाचारी २५ डिसेंबरला वारले, ती. 'राजाजींचे निधन. ते स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय गव्हर्नर जनरल होते.' खाली गावची बातमी, 'आडाला पाणी नाही. मुलांनी येताना तांब्या आणावा.' ही फळी नंतर बरेच दिवस कोणी पुसली नाही. कोण पुसणार? शाळेत पोरंच राहिली नव्हती.

मस्टरवर तिचं वय वाढवून लावलं. कामावर कोणी विचारतही नव्हतं. हायस्कूलची माझी वाट त्या खडीवरूनच जायची. बायका-पोरी ओळीनं बसलेल्या, बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले, हातात हातोडी. ट्यूबचंच कडं करून त्यात दगड धरायचा म्हणजे कपऱ्या उडत नाहीत. तरी उडायच्याच. तिच्या डाव्या भुवईवर अजून व्रण आहे. मी दप्तर बगलेत दाबून मान खाली घालून निघून जायचो. ती हाक मारायची नाही. संध्याकाळी मात्र कामावर मिळालेली सुकडी ओच्यात बांधून आणायची आणि त्यातली निम्मी माझ्या पुढ्यात ठेवायची. "लई गोड हाय, मला न्हाई आवडत," म्हणायची. मी खायचो.

१९७३ ला पाऊस झाला. शाळा पुन्हा भरली, ती गेली नाही. एक वर्ष मोडलेल्या पोरीला परत बसवायची पद्धत नव्हती आणि घरातही तिच्या हाताची सवय झाली होती. सोळाव्या वर्षी लग्न झालं, म्हसवडकडं दिली. अकरावीची मॅट्रिक जाऊन नवी दहावी आली, तिच्या पहिल्या तुकडीत, १९७५ ला, मी पास झालो. फॉर्मची फी कुठल्या पैशातनं भरली ते मला माहीत आहे.

टकळ्याही त्याच सुमाराला गेल्या. कोठारी आयोगानं 'कार्यानुभव' सुचवला होता, तो आमच्याकडं पोचेपर्यंत पाचसहा वर्षं गेली असतील. कार्यानुभव म्हणजे कागदाची फुलं आणि काड्यापेटीची घरं. सुताचं पोतं कपाटामागं पडून होतं, त्यात उंदरांनी पिल्लं घातली. मोठे गुरुजी बदलून गेले तेव्हा त्यांना निरोप द्यायला मी गेलो होतो. त्यांनी पहिल्यांदा धाकटीचं विचारलं, माझं नंतर.

गेल्या जानेवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनाला माजी विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. धाकटीला मुद्दाम फोन करून बोलावून घेतली. आता तीही साठीच्या पुढं, नातवंडांची आजी. पोरांची गाणी-नाच चालू होते, ती मात्र ओसरीत जाऊन भिंत बघून आली. वार्ताफलकाच्या जागी फरशी लावलीय. मला म्हणाली, "फळी काय केली रं त्यांनी?" मी म्हणालो, बांधकामात गेली असंल. मागं पोषण आहारासाठी परसबाग केलीय, ती बघायला गेली आणि तिथंच बराच वेळ रमली. टेंभूचं पाणी आल्यापासून गावात पाण्याचा तसा दुष्काळ नाही.

मुख्याध्यापक बाईंनी अभिप्रायाची वही पुढं केली. मी उभ्या उभ्या दोन ओळी खरडल्या. तिनं खुर्ची मागितली, चष्मा लावला, पेन दोनदा झटकला आणि लिहायला बसली. मागं पाहुण्यांची रांग लागली. अक्षर तसंच आहे, जरा थरथरतं एवढंच. लिहिलं होतं: 'मेथी चांगली आली आहे. कोथिंबिरीला पाणी जास्त होत आहे, कमी द्यावे.' खाली तारीख घातली, पूर्ण नाव लिहिलं आणि कंसात 'इयत्ता सहावी'.

मग आम्ही निघालो. चार वाजता लाइट येणार होती आणि डाळिंबाला पाणी सोडायचं राहिलं होतं.