तारांवर चढलेली तबकडी

तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये बैल जुंपलेला काशाचा रथ सापडला. त्याची चाकं भरीव आहेत. पुढे माणसानं वजन कमी करायला चाक पोकळ केलं, त्यात आरे घातले. सायकलनं त्यावर कडी केली. यूजीन मेयरनं १८६९ मध्ये ताणलेल्या तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं, तर १८७४ मध्ये जेम्स स्टार्लीनं त्या तारा तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बसवल्या. सायकलचं चाक आजही बहुधा तसंच विणतात.

असं चाक रोजच्या वापरात पाहायचं तर जबलपूर घ्या. ते कारखान्यांचं शहर. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, व्हेईकल फॅक्टरी १९६९ ची, शिवाय खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी. कामगाराची सायकल म्हणजे काळी, अठ्ठावीस इंची. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०, कारण बसणाऱ्याचा आणि कॅरियरचा भार मागेच. अशा चाकाच्या तारांत काही घातलंच तर ते पोरांनी: रंगीत मणी, नाहीतर फटफटीसारखा आवाज यावा म्हणून अडकवलेला पत्ता. वाऱ्याचा हिशेब कोणी मांडला नव्हता.

तो मांडला गेला शर्यतीत. सायकल ४० च्या वेगानं जात असेल तेव्हा चाकाचा वरचा काठ ८० च्या वेगानं पुढे झेपावत असतो आणि तिथली प्रत्येक तार हवा घुसळते. जानेवारी १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत सायकलपटू फ्रान्चेस्को मोझेर दोन्ही चाकं भरीव असलेल्या सायकलवर बसला. तासाभरात सर्वाधिक अंतर कापण्याचा एडी मर्क्सचा विक्रम होता ४९.४३१ किलोमीटर, १९७२ चा. मोझेरनं १९ तारखेला ५०.८०८ आणि चारच दिवसांनी ५१.१५१ किलोमीटर गाठले. त्यात चाकांचा वाटा किती आणि बाकी तयारीचा किती, यावर वाद घालता येईल. पण हे तबकडीसारखं भरीव चाक तिथून शर्यतींत रुजलं.

कार्बन फायबरच्या चांगल्या तबकडीची किंमत आज लाखाच्या घरात जाते. आणि इथेच जुगाडाला वाव मिळाला. आत तारा आहेत की नाहीत हे हवेला कळत नाही. तिला बाहेरून सपाट पृष्ठभाग मिळाला की झालं. मग तारांच्याच चाकाला दोन्ही बाजूंनी पातळ प्लॅस्टिक का लावू नये? हौशी सायकलपटूंनी तेच केलं. पक्क्या मैदानावर सायकल पोलो खेळणाऱ्या अमेरिकी पोरांनी तर निवडणुकीतल्या प्रचाराच्या पाट्या कापून चाकांना लावल्या. त्यांना वाऱ्याशी देणंघेणं नव्हतं. चेंडू तारांमधून आरपार जाऊ नये, एवढंच हवं होतं.

तसल्या पाट्यांचा प्लॅस्टिकचा तक्ता आपल्याकडे ‘सनपॅक शीट’ म्हणून फलकवाल्यांकडे मिळतो. जबलपुरात भेडाघाटच्या रस्त्यावर वेग आजमावू पाहणाऱ्यालाही तो चालेल, पण एक मेख आहे. हबपाशी तारा बाहेर फुगलेल्या असतात, म्हणून सपाट वर्तुळ नीट बसत नाही. ते मध्यापासून काठापर्यंत एका रेषेत चिरायचं आणि चिरेच्या कडा एकमेकींवर थोड्या सरकवायच्या, म्हणजे उथळ शंकू होतो. जाड सनपॅक इथे चुरगळतो. फाइलच्या कव्हरसारखं पातळ प्लॅस्टिक बरं. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला गिअरच्या चकत्या असल्यानं तिकडच्या तारा कमी फुगतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे शंकू वेगवेगळे. रिमवर ब्रेक घासतो ती पट्टी मोकळी सोडायची, हवा भरायला व्हॉल्व्हपाशी खिडकी ठेवायची आणि तारांना प्लॅस्टिकच्या टायनं आवळायचं. चाकाचा आउट, म्हणजे डुलणं, काढायचा असेल तर तो आधीच काढलेला बरा, नाहीतर सगळं पुन्हा सोडावं लागतं.

नियमांचा न्याय मात्र उफराटा आहे. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या टाइम ट्रायल आणि ट्रॅकच्या शर्यतींत मूळचीच भरीव असलेली महागडी चाकं चालतात, पण साध्या चाकावर वरून चढवलेलं आवरण ‘हवा कापणारं जोड-साधन’ म्हणून बाद ठरतं. ट्रायथलॉनवाले उदार. २०१९ पासून गोव्यात होणाऱ्या ‘आयर्नमॅन ७०.३’ मध्ये ९० किलोमीटर सायकल चालवावी लागते. आयर्नमॅनच्या नियमांत मागच्या चाकावर आवरण चालतं, पुढच्यावर नाही. आडवा वारा पुढच्या भरीव चाकावर आदळला की हँडलच वळवतो.